शनिवारच्या सात गोळ्या

परदेशी आल्यावर माउंट रॉस्किलच्या ज्या फार्मसीत मी नोकरी करत होते, तिथे ती दर महिन्याला थायरॉइडच्या गोळ्या न्यायला यायची. युद्धात होरपळलेल्या अलेप्पोची होती, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. मला ‘डॉक्टर’ म्हणायची. तिच्याकडे औषधांच्या दुकानातल्या माणसाला असंच म्हणतात म्हणे. मी दोनदा दुरुस्त केलं, मग नाद सोडला. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. जवळच्याच हिल्सबरोत कुणाच्या तरी घरामागच्या दोन खोल्यांत मी एकटी राहायचे. रविवारी पुण्याला आईला फोन व्हायचा. एरवी औषधांपलीकडचं माझ्याशी बोलणारी ही एकच बाई होती.

काउंटरला रेलून ती घरचं सांगायची. शहराभोवतीचे औषधांचे कारखाने बंद पडले होते, काही जळले होते. भाऊ त्यातल्याच एकात पॅकिंगला होता. आता तो पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी पावाच्या रांगेत उभा राहायचा. आई निवृत्त शिक्षिका. पेन्शन येत होतं, पण महिन्याचं पेन्शन आठवड्याच्या भाजीत संपायचं. वीज नाही म्हणून आईने फ्रिज विकायला काढला, तर तो घ्यायलाही कुणी नव्हतं, म्हणून ती त्यात कपडे ठेवायला लागली. हे सगळं ती अगदी शांतपणे सांगायची.

त्या वर्षी भर फेब्रुवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, ती स्वेटर घालून यायला लागली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा; सगळी गोळी कमी पडल्याची लक्षणं. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला तरी रक्ताचा रिपोर्ट बिघडतच चालला होता. माझा स्वभाव मुळातच तिरसट. घ्यायच्याच नसतील तर गोळ्या नेता कशाला, म्हणून मी तिला झापलं.

तिने आजूबाजूला पाहिलं. "निम्म्या आईला पाठवते, डॉक्टर. तिलाही हाच आजार आहे, आणि तिकडे गोळी मिळतच नाही."

बैरुतला जाणारं कुणी भेटलं की ती त्याच्याकडे पुडी द्यायची. पुढे ती पुडी सीमा ओलांडून, या हातातून त्या हातात करत आईपर्यंत जायची.

माझ्या आईलाही हीच गोळी आहे. मी इथून पुण्यातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला फोन केला, की संध्याकाळच्या आत बाटली तिच्या तिसऱ्या मजल्यावर पोचते. चिठ्ठी कुणी मागत नाही. इथे मात्र परीक्षा देऊन, खस्ता खाऊन मिळवलेलं फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन मला जिवापाड जपायचं होतं. मी तिच्या डॉक्टरांना सगळं कळवलं. तिच्या जिवाला धोका होता हे खरं. मला माझ्या रजिस्ट्रेशनची भीती होती, हेही तितकंच खरं.

डॉक्टरांनी तोडगा काढला. ही गोळी शरीरात बरेच दिवस टिकते, म्हणून आठवड्याच्या सातही गोळ्या दर शनिवारी माझ्यासमोर एकदम गिळायच्या. घरी एकही न्यायची नाही. तिने ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

पहिल्या शनिवारी मी पाण्याचा ग्लास भरला आणि गोळ्या कागदी कपात मोजून ठेवल्या. तिने एकेक करून सातही गिळल्या आणि मी न मागता रिकामा तळहात माझ्यापुढे धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हळूहळू तिची सूज उतरली, आवाज मोकळा झाला, डॉक्टर खूश झाले. तिचं काउंटरला रेलून बोलणं मात्र बंद झालं. पुण्याहून दोन बाटल्या मागवून तिला द्याव्यात, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. दर रविवारी फोनवर ते अगदी ओठांवर यायचं. पण मी ते बोलले नाही.

जुलैत एका शनिवारी ती आली. मी सवयीने पाणी भरून ठेवलं होतं. तिने ग्लास बाजूला सारला.

"आता घरी दिल्यात तरी चालेल, डॉक्टर. आई गेली."

कशाने, ते मी विचारलं. सांगायला तिथे दवाखाना उरलाच नव्हता. भाऊ म्हणत होता, म्हातारपणाने. तिकडे ऐन उन्हाळा, आणि आई शेवटचे पंधरा दिवस स्वेटर घालून पडून होती, एवढंच तिला ठाऊक होतं.

मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते हो म्हणाले, तेव्हा डोस स्थिरावलेल्या इतरांना देतात तशा तिलाही तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. तिने आभार मानले. मला रडू येत होतं, पण तिच्या मागे रांगेत माणसं उभी होती. आता तीन महिने ती यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला. आई कुरकुरत होती, "अगं, कालच गोळ्यांची बाटली आली. कपाटात अजून दोन तशाच पडून आहेत. कशाला इतक्या पाठवायला सांगतेस?"