फक्त शुद्धलेखन

हे मी घरात कुणाजवळ बोललेले नाही. बहिणीजवळही नाही — आणि तिच्यापाशी तर माझ्या पोटात काही म्हणता काही राहत नाही. तुम्ही समोर दिसत नाही, म्हणून जमतंय बहुधा.

सांगते. पण आधी मी करते काय, ते ऐका. शिक्षण सातवी. सोमाटण्याला फ्लेक्सच्या दुकानात पंधरा वर्षं बसले, वाढदिवसाच्या बॅनरवरच्या चुका काढत. कॉम्प्युटर तिथंच बघून बघून शिकले. पुढं भाचीनं दाखवलं, की काही सॉफ्टवेअरं कुणा एकाच्या मालकीची नसतात. जगभरची माणसं मिळून ती करतात आणि फुकट वाटतात. ती कशी वापरायची याची मराठी पानं असतात, आणि त्यात चुका रग्गड. कुणीही दुरुस्त कराव्यात. मी करायला लागले. प्रत्येक बदलाखाली आपलं नाव राहतं, आणि काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं. परंदवडीसारख्या खेड्यात बसून माझं नाव तिथं — लय मिरवले मी.

एक पान होतं, जुन्या फोनमधलं सगळं नव्यात कसं न्यावं त्याचं. त्यात आधी जुना फोन रिकामा करायला सांगितला होता, आणि मग नव्यात सगळं आलं का ते बघायला. उलटं ना? मला कळलं होतं. कारण मी तसंच करून बघितलं आणि नातीच्या बारशाचे फोटो घालवून बसले. मग त्या पानाचं मी काय केलं? ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं. क्रम तसाच ठेवला. तो बदलायचा तर का बदलला ते लिहावं लागलं असतं, म्हणजे फोटो घालवले हेही सांगावं लागलं असतं, आणि त्या शिकलेल्या पोरांमध्ये मी — जाऊ दे. भित्री होते, एवढंच.

शेजारचे दगडूभाऊ. देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झालेले. त्यांची बायको, यमुनावहिनी, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. भाऊंच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. ते रानात असले की वहिनी फोन करायची — “कुटं हाय तुमी? भाकरी गार झाली. का बांधाशीच लगीन लावलंय?” असलंच सगळं. रोज सकाळी चहाबरोबर भाऊ ते लावायचे. भिंतीपलीकडून मलाही ऐकू यायचं.

फोनची काच फुटली, नवा घेतला, आणि भाऊ माझ्याकडे आले. मी ते पान दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणलं. त्यांच्या हातात देताना मी म्हणाले, यात एक चूक सापडणार नाही भाऊ, मी तपासलंय. क्रमाचं तोंडी सांगावं, हे मनात आलं होतं. आलं होतं — खोटं कशाला बोलू? पण एवढी बढाई मारून झालेली. नाहीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे काहीच आवाज नाही.

भाऊ आले ते दुपारी. कागद नीट घडी घालून परत दिला. “आक्का, तुमचा कागद ब्येस हाय. माझंच बोट कुटंतरी वाकडं पडलं. डेपोत पेट्या उचलून उचलून बोटं जाड झाल्याती.” मी म्हटलं, होतं असं भाऊ. आणि चहा टाकला.

ते गेल्यावर पान उघडलं, क्रम सरळ केला. दोन मिनिटांचं काम. खाली नोंदीत लिहिलं — फक्त शुद्धलेखन. असे बदल तपासून पानात घेणारा एक जण असतो, त्यानं न बघताच घेतलं. माझं शुद्धलेखन कोण कशाला तपासेल? ती ओळ आजही तिथं आहे, माझ्या नावासकट, कुणालाही दिसेल अशी. मी अधूनमधून जाऊन ती बघून येते. का जाते, ते मलाही माहीत नाही.

भाऊ आता फोनला हात लावायला घाबरतात. लेकीला फोन करायचा झाला तरी कुंपणाशी येऊन उभे राहतात आणि फोन पुढं करतात. “तुमीच दाबा आक्का. माझ्या बोटाचा भरवसा न्हाई.”

मी दाबते.