शंभर ताटांना तेरा किलो

वरवट बकालमध्ये मुलीचं लग्न ठरलं की मुलीचा बाप तुळशीराम आचाऱ्याच्या घरी येतो. येतो तुळशीरामकडे, पण बसावं लागतं त्याला रुखमाबाईसमोर. तुळशीराम चुलीपुढचा राजा खरा, पण किती माणसांचं शिजवायचं हे ठरवायचं खातं नऊ वर्षांपासून त्याच्या बायकोकडे आहे. आणि ही सातवी शिकलेली बाई असे प्रश्न विचारते की त्या बापाला वाटावं, आपण जेवण सांगायला आलो की पोलीस चौकीत?

"चूलबंद आवतन किती घरांले?" हा तिचा पहिला प्रश्न. चूलबंद आवतन म्हणजे अख्ख्या घराला बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवातच जेवायचं. मग छापील पत्रिका किती, मोबाईलवर पाठवलेल्या किती, वऱ्हाड कुठून येणार, त्या आठवड्यात शेतात कामं कोणती, हे सगळं ती विचारून घेते. बाप घराबाहेर पडला की ती बँडवाल्याला फोन लावते आणि त्या तारखेला त्याच्याकडे किती लग्नं आहेत ते काढून घेते. आसपास सात लग्नं असली की एकेका घरातली माणसं सात मांडवांत वाटली जातात, हे तिला बँडवाल्याच्या वहीवरून मुहूर्ताच्या महिनाभर आधी कळतं. एवढी चौकशी जिल्ह्याचा कलेक्टरही करत नसेल.

या सगळ्याची सुरुवात रडण्यातून झाली होती. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात उरलेल्या बट्ट्या घमेल्याघमेल्यांनी म्हशींपुढे टाकताना तिनं पाहिल्या. पहाटे तीनला उठून नवऱ्यानं मळलेली, उकडलेली, तुपात तळलेली बट्टी ती. म्हशीसुद्धा दोन घास खाऊन बाजूला झाल्या. घरी येताना टेम्पोत ती तोंडाला पदर लावून बसली, आणि पुढच्या लग्नापासून तिनं पत्रावळ्या मोजायला घेतल्या. शंभराचे गठ्ठे किती आणले, किती उरले, म्हणजे जेवून किती उठले. तो आकडा ती कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायची, बाजूला चूलबंद घरं आणि पत्रिका. गावातल्या बाया तिला पत्रावळीवाली म्हणून चिडवायच्या. तिनं ते मनावर घेतलं नाही. चिडवणाऱ्यांच्या घरची लग्नंही ती तितक्याच इमानानं मोजायची.

पहिल्या लग्नसराईतच त्या चौकोनांतून काहीबाही दिसायला लागलं. मोबाईलवरच्या दहा पत्रिकांमागे जेमतेम तीन माणसं येतात. हरभरा काढणीच्या दिवसांत दुपारची पंगत अर्धी आणि संध्याकाळची दुप्पट असते. सुरुवातीला एका चुलीमागे पाच माणसं जेवायला यायची; मग चार झाली, आता तर तीनच. पोरं पुण्याला गेली, सुरतेला गेली, ती लग्नाला येत नाहीत, फोटो पाहून अंगठा दाखवतात. गाव रिकामं होतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण किती रिकामं होतंय हे एकट्या रुखमाबाईला माहीत होतं. तिच्या स्वतःच्या चुलीमागेही आता दोघंच उरली होती.

वरण आयत्या वेळी पातळ करता येतं, वांग्याची भाजी बटाटा टाकून वाढवता येते, पण बट्टीला वाढवायची सोय नाही. म्हणून बट्टीचं प्रमाण तिनं सगळ्यांत काटेकोर काढलं होतं: शंभर ताटांना तेरा किलो कणीक. नऊ वर्षांत त्या प्रमाणानं तिला एकदाही दगा दिला नव्हता. लग्नवाल्यांचं धान्य वाचायला लागलं, तसं तुळशीरामचं कामही वाढलं.

यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतल्या रंगरावांच्या प्राचीचं लग्न निघालं. रंगराव चौदाशे माणसांवर अडून बसले होते. सहाशे पत्रिका वाटल्यात, शिवाय वऱ्हाड मोताळ्याहून येणार, मोठी सोयरीक.

"नऊशे," रुखमाबाई म्हणाली.

"वहिनी, पोरीचं लगन हाये माया. कमी पडलं तं मी तोंड कुठं दाखवू?"

"त्या तिथीले आजूबाजूले नऊ लगनं हायेत, भाऊ. नऊशेच्या वर गेलं तं मले सांगा."

रंगरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही, तुळशीरामकडे पाहिलं. शहरातल्या एका केटररचा माणूस त्यांच्या घरी दोनदा येऊन गेला होता, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तुळशीराम तंबाखू मळत होता. तो शांतपणे म्हणाला, "एकतीस वर्षं झाली, रंगरावभाऊ. माया पंगतीत बट्टी सरली असं कोनी म्हनलं नाई. ते नाव म्या हिच्या आकड्यावर ठेवलं. आता बोला."

नऊशे ठरलं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाचं कापड तापून वास मारत होतं. रुखमाबाई पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यांपाशी खुर्ची टाकून बसली. पहिली पंगत झाली, दुसरी झाली. एकेक गठ्ठा फुटत होता आणि तिचा जीव खाली बसत होता, कारण सगळं तिनं म्हटल्यासारखं चाललं होतं. शेवटच्या पंगतीला गल्लीतली आणि घरची मिळून सव्वाशेच्या आत माणसं उरली होती. एकूण नऊशेचार होणार. चौदाशेवर अडून बसलेले रंगराव दोनदा तिच्याजवळून हसत गेले. तिला वाटलं, आज या माणसाला सगळ्यांदेखत विचारावं, बोला आता, भाऊ!

तेवढ्यात वाढप्या तिच्या कानाशी वाकला. "काकू, बट्टी खतम."

ती उठली. चुलाणापाशी गेली. परात रिकामी होती, कोपऱ्यात चुरा होता. माणसं बरोबर आली होती, तरी बट्टी सरली होती. असं कसं झालं तेच तिला कळेना. तिनं तुळशीरामकडे पाहिलं. त्यानं कढईखालचा जाळ वाढवला आणि म्हणाला, "चूलबंद घरांत कणीक तं असंलच ना? आना म्हना."

गल्लीतल्या बाया घरांकडे पळाल्या. त्या दिवशी ज्या चुली पेटवायच्या नव्हत्या, त्यांच्या डब्यांतली कणीक ताटांत, पातेल्यांत, एकीच्या तर पदरात आली. सात-आठ जणी लाटायला बसल्या आणि तुळशीरामनं पुऱ्या तळायला सुरुवात केली. शेवटची पंगत अर्धा तास पत्रावळीपुढे हात चोळत बसली. कुजबुज सुरू झाली. रंगरावांचं तोंड उतरलं, आणि ते रुखमाबाईच्या दिशेनं चालत आले तेव्हा तिनं मान खाली घातली.

ते तिच्यापर्यंत पोचले नाहीत. मधे तुळशीराम येऊन उभा राहिला, कणकेच्या हातांनी. त्यानं पंगतीपुढे हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंडळी, माफी करा. हिनं सांगतलं ते बरोबर होतं. कणीक म्या कमी मयली. चूक माई हाये."

पंगतीतला एक म्हातारा म्हणाला, "एकतीस वर्षांत एक डाव, तुळशीराम. वाढ पुरी." लोक हसले, जेवले. पण गावात हे वर्षभर चघळलं जाणार, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला समजत होतं आणि तुळशीरामला सगळ्यांत जास्त.

वरात गेल्यावर, उन्हं कलताना, दोघं मांडवामागे भांडी घासायला बसली. रुखमाबाईचा राग आणि रडू एकदमच बाहेर पडलं.

"खोटं काऊन बोलले तुमी? तेरा किलो म्या सांगतलं होतं. मायं चुकलं, माया माथी येऊ द्यायचं होतं. तुमचं नाव कायले घालवलं?"

तुळशीराम राखेनं पातेलं घासत राहिला. मग म्हणाला, "खोटं नाई बोललो मी."

"म्हंजे?"

"शंभरामागं दोन किलो म्या दर लगनाले वरून टाकत होतो. घरच्या गव्हाचं पीठ. तुले नाई सांगतलं."

तिला घरची कोठी आठवली. दरवर्षी घरच्या कोठीतला गहू कमी व्हायचा आणि तुळशीराम घुशींवर ढकलायचा. त्या घुशींसाठी तिनं दोन पिंजरे आणले होते. एकही घूस सापडली नव्हती.

"कधीपासून?"

"तुया पयल्या लगनापासून. कणीक मयतानीच मले दिसलं का हे कमी पडते. तुले सांगतलं असतं तं तू हिरमुसली असती, मोजनंच सोडलं असतं. म्हून टाकली. मंग दुसऱ्या लगनाले बी टाकली. मंग सांगाले तोंडच राह्यलं नाई."

"मंग आज काऊन नाई टाकली?"

तुळशीरामनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तू मांगच्या महिन्यात संग्रामपूरले बचत गटाच्या बायांपुढं बोलली नाई का? मी मांगं बसलो होतो. शिकलेल्या बाया तुये आकडे वहीत उतरवून घेऊन राह्यल्या होत्या. मले लय भारी वाटलं व. म्हनलं, एवढ्या बाया हिच्यावर इस्वास ठेवून राह्यल्या, आन् मी एकटाच चोरून पीठ टाकतो? म्हून आज नाई टाकली."

नऊ वर्षं ती ज्या आकड्यावर मान वर करून चालली, त्याच्या पोटात या माणसाचं दोन किलो पीठ होतं. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि असं माणूस आपल्या वाट्याला आलं म्हणून रडूही आलं. मग सवयीनं तिची बोटं चालायला लागली. शंभराला तेरा धरून नऊशे ताटांची एकशे सतरा किलो. शंभराला खरे पंधरा लागत असतील, तर एकशे सतरात ताटं होतात सातशे ऐंशी.

"एकशे वीस लोकांची बट्टी कमी पडायले पायजे होती," ती डोळे पुसत म्हणाली.

"मंग? तेवढीच पडली ना."

"हाव."

"म्हंजे तुया हिशोब बरोबरच होता," तुळशीराम म्हणाला.

"माया एकटीचा कुठं होता?" ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली राख घेऊन मोठी कढई स्वतःकडे ओढली.