शिरीषावरचं घरटं

फाल्गुनात टेकडीवरच्या शिरीषावर शिक्रा या शिकारी पक्ष्याची जोडी काड्या आणू लागली. खालच्या झुडपांत दयाळ गात असायचा. शिक्रा दिसला की त्याचं गाणं मध्येच थांबायचं. विद्याताई आणि मी लांबच्या कातळावर बसून रोज हे बघायचो. पक्षी बघायला मला त्यांनीच शिकवलं. "घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही," हा त्यांचा पहिला धडा. मी घरीसुद्धा सांगितली नव्हती.

एका सकाळी मला पोचायला उशीर झाला. शिरीषाखाली कॅमेरे घेतलेली माणसं उभी होती आणि विद्याताई त्यांना बोटानं घरटं दाखवत होत्या. मादी उडावी म्हणून एकानं फांदीवर खडा मारला. ती ओरडत टेकडीपलीकडे गेली.

"ताई, तुम्ही?" मी जवळ जाऊन म्हटलं.

"अगं, ओळखीची माणसं आहेत. आणि ती येईल परत."

ती आली नाही. घरटं अर्धवटच राहिलं. दयाळाला शिक्र्याची भीती ठाऊक असते, म्हणून तो वेळीच गप्प होतो. मला ताईंची भीती कधी वाटलीच नव्हती.

परवा माझ्या गॅलरीतल्या वेलीवर शिंजिराच्या मादीनं कापूस आणि कोळ्याची जाळी चिकटवत घरटं टांगायला घेतलं. संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"काय गं, नवीन काही दिसलं का?"

वेलीवर ती चोचीनं एक धागा ओढत होती.

"नाही ताई," मी म्हटलं, "काहीच नाही."