वरचा थर

बाबा विरारहून कामणच्या गोदामात हमालीला जायचे. महिना संपत आला की आमच्याकडे एका वेळेला दुधीची भाजी आणि दुसऱ्या वेळेला त्याच दुधीच्या सालांची चटणी. या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये?

पीएचडीला लागले तेव्हा प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर विरारचीच एक मुलगी होती. आईवडील दोघेही प्राध्यापक. माझ्या तोंडून 'पानी' निघालं की ती हसायची नाही, फक्त पुढच्या वाक्यात 'पाणी' जरा ठासून म्हणायची.

सरांनी आम्हा दोघींना एकाच जातीच्या टोपोलॉजिकल, म्हणजे आत एक आणि पृष्ठभागावर वेगळं वागणाऱ्या, पदार्थाचा एकेक स्फटिक दिला. थंड केल्यावर त्याचा गाभा साधाच राहतो. पण नुसत्या पृष्ठभागावर वीज विनाअडथळा धावू लागते का, म्हणजे अतिवाहकता येते का, एवढंच शोधायचं होतं. बारीक सुई पृष्ठभागाजवळ नेऊन तिच्यातून वीज किती सहज शिरते ते मोजायचं. आलेखाच्या मधोमध खड्डा पडला, की तिथे अतिवाहकता आहे.

तिला पहिल्याच आठवड्यात खड्डा दिसला. माझी रेघ सपाट. सर तिचा आलेख आल्यागेल्याला दाखवायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा न राहवून मी म्हणाले, "सरांनी तुला बरा वेचून दिला!"

"मग बदलूया," तिने आपला स्फटिक पुढे केला. मी लगेच घेतला. रेघ सपाटच. आणि माझ्या स्फटिकावर या बाईसाहेबांनी खड्डा काढून दाखवला!

"तू आधी करतेस काय गं याला?" तिने विचारलं.

"स्पिरिटने पुसते. लख्ख."

"सोलत नाहीस?"

"एवढासा तर आहे. सोलून संपवू?"

"अगं, हवा लागली की वरचा थर वाया जातो. चिकटपट्टी लावून यंत्रात ठेव, आतली हवा काढली की बाहेरच्या दांड्याने पट्टी ओढ. दुधी सोलतेस ना, तसं."

"दुधीची सालं आम्ही खातो," मी म्हणाले. एकदाचं तिला ऐकवलं. तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं तसंच केलं, दात-ओठ खात. खड्डा आला. गाभा साधा आणि पृष्ठभाग अतिवाहक, हे दोन्ही स्फटिकांवर पक्कं झालं. आमचा शोधनिबंध छापून आला. तिचं नाव पहिलं, माझं दुसरं.