उंबऱ्याबाहेरची राख

भोरच्या संस्थानी बँडात कॉर्नेट वाजवणारा कायतान श्रावणात तापानं गेला. त्याची बायको कार्मेलीन हिच्याकडे ते पितळी वाद्य राहिलं, आणि शिंदीच्या वाळक्या झावळ्यांची एक जुडी. ईस्टरच्या आदल्या रविवारी मंत्रून घेतलेल्या या झावळ्या पुढच्या वर्षी जाळायच्या आणि उपासाच्या पहिल्या बुधवारी ती राख कपाळाला लावायची. गावात गोव्याकडची पाच घरं, सगळी बँडातली. झावळ्या सांभाळायचं काम कायतानकडे कसं आलं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

त्या बुधवारच्या आदल्या दिवशी ही माणसं इंत्रूज खेळायची. पुढे चाळीस दिवस ना मटण, ना नाचगाणं. म्हणून तोंडाला पीठ फासून, कोट उलटे घालून गावभर हुंदडायचं. कायतान पुढे वाजवायचा, कार्मेलीन मागे नाचायची.

यंदा मंगळवारी सकाळीच बँडमास्तर इनासबाब तिच्या दारात आले. कायतानच्या दुखवट्यात इंत्रूज होणार नाही, त्यांनी सांगितलं. शिवाय काळ्या कपड्यातल्या बाईनं घरातच बसलेलं बरं.

"नवरा माझा गेलाय," कार्मेलीन म्हणाली. "त्याच्यामागं कसं वागायचं ते मी बघीन."

"मग उद्या माझ्या उंबऱ्यात पाय टाकायचा नाही."

"नाही टाकणार."

बोलून गेली खरी, पण दार लावल्यावर तिला बुधवार आठवला. पुण्याचे पाद्री संध्याकाळी इनासबाबांकडेच उतरायचे होते आणि बुधवारची प्रार्थना त्यांच्याच ओसरीवर व्हायची. कळायला लागल्यापासून तिचं कपाळ त्या दिवशी कधी कोरं राहिलं नव्हतं. राख नाही, म्हणजे पाच घरांतून तिचं नावच पुसलं.

दुपारी तिनं काळ्या झग्यावर कायतानचा कोट उलटा चढवला आणि तोंडाला तांदळाचं पीठ फासलं. शेजारचा अल्लाउद्दीन लग्नात ताशा वाजवायचा. तो बोलावल्याबरोबर आला. कॉर्नेट तिनं स्वतःच फुंकलं. आवाज रेडकासारखा निघाला, तरी ती बाजारपेठेच्या टोकापर्यंत फुंकत गेली. बँडवाल्यांची दारं बंद होती. भाजी विकणाऱ्या चंद्राबाईच्या गालाला तिनं पीठ लावलं, तशी ती म्हणाली, "बाई, शिमगा अजून लांब हाय की."

"तुमचा लांब आहे. माझा आज संपतो."

चंद्राबाईनं दुसरा गाल पुढे केला.

घरी येऊन कार्मेलीननं उरलेलं मटण खाल्लं आणि त्याच चुलीत झावळ्या जाळल्या.

सकाळी ओसरीवर सगळे जमले. पाद्रींनी राख मागितली. इनासबाबांनी मेणबत्त्या आणल्या होत्या, सतरंजी झाडून घेतली होती. झावळ्यांचं मात्र त्यांच्या ध्यानातच नव्हतं. ते धावत बाहेर आले, तर समोर गटारापलीकडे कार्मेलीन उभी. हातात पितळी वाटी, भुवयांत अजून पीठ.

"आत ये," ते हळूच म्हणाले.

"पाय टाकायचा नाही म्हणालात."

"मग वाटी दे."

"वाटी माझ्याबरोबर राहील."

पाद्रींनी हे दारातून ऐकलं. ते गळ्यातलं वस्त्र सावरत रस्त्यावर आले. त्यांनी वाटीवर हात धरून प्रार्थना म्हटली आणि राखेचा अंगठा सगळ्यांत आधी कार्मेलीनच्या कपाळाला टेकवला. मग बायका उतरल्या, बँडवाले उतरले, धुळीत गुडघे टेकून बसले. बाजाराला निघालेल्या दोन बैलगाड्या खोळंबल्या. शेवटी इनासबाब इस्त्रीची पाटलोण सांभाळत खाली बसले. वाटी कार्मेलीनच्याच हातात होती.

पुढे ती भोरात असेतोवर दर वर्षी इंत्रूज झालं आणि राख रस्त्यावरच लागली. उंबऱ्याची बंदी इनासबाबांनी कधी उठवली नाही. तिनंही ती उठवायला कधी सांगितलं नाही.