सुरखाब के पर

पक्षीवाल्या मंडळींनो, वर्षभर सांभाळलेला एक राग आज सकाळी तलावावर निवला.

गेल्या मार्चमध्ये मी म्हटलं होतं, “चक्रवाक लडाखकडे परत निघालेत.” तेव्हा आमच्या ग्रुपचे कुलकर्णीजी सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, आपको क्या सुरखाब के पर लगे हैं? अनुभवी लोकांना बोलू द्या.” सुरखाब के पर लागणं म्हणजे स्वतःला फार खास समजणं, आणि चक्रवाकालाच हिंदीत सुरखाब म्हणतात, म्हणून सगळे पोट धरून हसले. मीही हसले. विसरले मात्र नाही.

आज कुलकर्णीजी पुण्याच्या व्याह्यांना घेऊन आले होते. काठाजवळच्या सहा भुऱ्या बदकांकडे बोट दाखवून सांगत होते, “हेच सुरखाब. दोन-चार दिवसांत हिमालय पार करतील.” व्याही भराभर फोटो काढत होते.

ती बदकं पलीकडच्या वस्तीतल्या एका मावशींनी पाळलेली आहेत. मला माहीत होतं. मी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

थोड्या वेळाने मावशी डबा वाजवत आल्या. “चलो रे, घर चलो.” साहीच्या साही सुरखाब पाण्याबाहेर आले आणि डुलत डुलत त्यांच्या मागे निघाले.

व्याह्यांनी शांतपणे विचारलं, “हिमालय याच बाजूला का?”

कुलकर्णीजी माझ्याकडे वळले. “वहिनी, माहीत होतं तर सांगायचं ना.”

“अनुभवी लोकांमध्ये मी काय बोलणार?”

तेवढ्यात खरे चक्रवाक आमच्या डोक्यावरून उत्तरेला गेले. कुलकर्णीजी मान खाली घालून उभे होते. मी तेही त्यांना दाखवले नाहीत.

जास्त झालं का?