जुन्या गावाची गल्ली

मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला अकरावीला आले तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. क्लासमध्ये एकेका बाकावर पाच-पाच जणी, आणि माझा पाय सारखा हलत असायचा. शेजारची चिडायची, "अगं, भूकंप झाल्यासारखा बाक हलतोय!" मी उठून बाहेर जायचे. सात वर्षांची असताना भूकंपात आमचं गाव गेलं, आई गेली. मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा आत्याकडे गेलो होतो, म्हणून वाचलो.

क्लास बुडवून मी सायबर कॅफेत बसू लागले. तिथं भुलभुलैयाचा एक गेम होता. भिंतींमधून वाट काढत दार गाठायचं. त्यात आपला नकाशा आपण बनवायची सोय होती. मी जुनं गाव मांडायला घेतलं. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात सरळ रांगा, सगळी घरं सारखी. जुन्या गल्ल्यांत मात्र पाहुणा हमखास चुकायचा. वेस जमली, मारुतीचं देऊळ जमलं, पिठाची गिरणी जमली. आमची गल्ली काही केल्या जमेना. भिंती पाडायच्या, परत उभ्या करायच्या.

गैरहजेरी कळताच आबा एसटीनं आले. शाळामास्तर माणूस. मी त्यांना थेट कॅफेतच नेलं.

"हे करायलेय मी."

ते खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसले. "ही गिरणी हाय?"

"व्हय."

"मग डावीकडं वळव. न्हाई, इतक्यात न्हाई. आधी आड लागंल."

ते सांगत गेले, मी भिंती सरकवत गेले. मग ते स्वतः बटणं दाबत, भिंतींना धडकत आमच्या दारापर्यंत आले आणि थांबले.

"त्या दिवशी परत आलो तवा मला आपलं घरच सापडलं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "गल्लीच राह्यली नव्हती. दुपारपर्यंत दुसऱ्याच्याच घराचे दगड उपसत होतो."

हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"आता बरोबर हाय," स्क्रीनकडे बघत ते म्हणाले. "हे ठिवता येतं का?"

मी नकाशा फ्लॉपीवर घेऊन त्यांच्या हातात दिला.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. आबांनीच मला नांदेडला कॉम्प्युटरला घातलं.